मुलांना निसर्गाजवळ नेताना : शिबिराआधी, शिबिरात आणि त्यानंतर

मार्च संपत आला, परीक्षांची वेळापत्रकं लागली की पालकांचे फोन सुरू होतात. 'उन्हाळ्यात कुठल्या निसर्ग शिबिराला घालू?', 'आठ वर्षांच्या मुलीला मुक्कामाला पाठवू का?', 'मागच्या वर्षी पाठवलं होतं, घरी आल्यावर पुन्हा मोबाईलच. मग उपयोग काय?' गेली काही वर्षं मी रविवारी मुलांना घेऊन टेकडीवर जाते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात. प्रत्येकाला फोनवर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदा सविस्तर लिहिते.

आधी ठरवा : तुम्हाला नेमकं काय हवंय?

'निसर्ग शिबिर' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

- साहस : दोरावरून उतरणं, झिपलाइन, किल्ल्यावर चढाई. धीटपणा आणि शरीरावरचा ताबा वाढतो. झाडाचं नाव मात्र कळेलच असं नाही.
- शेतावरची मौज : बैलगाडी, विहिरीत पोहणं, चुलीवरचं जेवण. शहरातल्या मुलांसाठी हेही मोलाचं आहे.
- निसर्गाची ओळख : हळूहळू चालणं, थांबून पाहणं, ऐकणं, टिपून ठेवणं.

तिन्हींत वाईट काहीच नाही. घोटाळा होतो तो एक हवं असताना दुसरं पदरात पडतं म्हणून. माझ्या भाचीला आम्ही एकदा पाच दिवसांच्या शिबिराला पाठवलं. साठ मुलं होती. दिवसभर दोरावरचे खेळ आणि संध्याकाळी शेकोटीभोवती मोठ्या आवाजात गाणी. पाच दिवसांत रानातून चालणं झालं ते एकदाच, अर्धा तास. ती आनंदात परत आली, पण 'काय पाहिलंस?' या प्रश्नावर तिच्याकडे सांगायला काही नव्हतं. चूक आमची होती. माहितीपत्रकातला दिवसाचा कार्यक्रम आम्ही नीट वाचलाच नव्हता.

माझं मत स्पष्ट सांगते. मुलाचं निसर्गाशी नातं जुळतं ते एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्याने. वर्षातून एकदा ताडोबाला जाऊन वाघ पाहणाऱ्या मुलापेक्षा सोसायटीमागच्या उंबराखाली वर्षभर जाणारं मूल जास्त पाहतं. म्हणून शिबिराचे पैसे भरण्याआधी पुढची गोष्ट करून पाहा. तिला पैसे लागत नाहीत.

घराजवळची एक जागा : सुरुवात अशी करा

१. घरापासून दहा-पंधरा मिनिटांत पायी पोहोचता येईल अशी जागा शोधा. टेकडीचा उतार, ओढ्याचा काठ, तळं, जुनं देऊळ आणि त्यापुढचा पिंपळ, बागेतला न छाटलेला कोपरा, काहीही चालेल.

२. जागा मुलाला निवडू द्या. तुम्हाला ती रुक्ष वाटली तरी बदलू नका.

३. आठवड्यातून एकदा, शक्यतो सकाळी, तिथे वीस मिनिटं बसा. पहिली दहा मिनिटं मूल चुळबुळ करतं, 'झालं का?' विचारतं. पक्षी आणि खारी तुम्हाला विसरून आपापल्या कामाला लागतात ते त्यानंतरच. तेवढं थांबलात तर फरक दिसेल.

४. तुमचा फोन खिशात राहू द्या. फोटोसाठीसुद्धा काढू नका, निदान पहिले काही आठवडे.

५. घरी आल्यावर वहीत तारीख, वेळ आणि पाहिलेल्या दोन-तीन गोष्टी लिहायला किंवा काढायला सांगा. चित्र वाईट आलं तरी दुरुस्त करू नका.

नावं सांगण्याची घाई पालकांना फार असते. मी स्वतः सुरुवातीला वीस पक्ष्यांची यादी घेऊन निघायचे. एका सकाळी मुलं पहिल्या वळणावरच बसली. कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे होते. मुंगी कडेला आली की माती घसरायची आणि तळातून दोन बारीक चिमटे वर यायचे. मुंगीसिंहाची अळी होती ती. पाऊण तास आम्ही तिथून हललो नाही आणि यादी घडी घालून खिशातच राहिली. त्या मुलांनी पुढच्या आठवड्यात आपापल्या अंगणातले खड्डे मोजून आणले. मूल एखाद्या गोष्टीपाशी थांबलं की तुम्हीही थांबा. त्यानं विचारलं तर नाव सांगा. माहीत नसेल तर 'मलाही माहीत नाही, शोधू' म्हणा.

कुठल्या महिन्यात काय पाहाल?

'आमच्याकडे पाहण्यासारखं काही नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग जरा लांबवते. यातलं बरंचसं महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात किंवा उपनगरात सापडतं.

- जून : मृग नक्षत्राच्या सुमाराला पहिल्या पावसानंतर मातीवर मखमली लाल मृगाचे किडे दिसतात. रात्री डबक्याकाठी बेडकांचा आवाज ऐका. दोन-तीन वेगवेगळे सूर ओळखता आले तरी पुष्कळ.
- जुलै : गच्चीत पांढरी चादर टांगा, तिच्यावर दिवा सोडा आणि तासभर बसा. पतंग येतात. एकाचे पंख झाडाच्या सालीसारखे, तर दुसऱ्याचे सुकल्या पानासारखे. किशोरवयीन मुलांना रात्रीचा हा उद्योग फार आवडतो. संपल्यावर दिवा आठवणीने बंद करा.
- ऑगस्ट-सप्टेंबर : विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकलेली दिसतात. विणतो तो नर. मादी घरटं पाहून पसंत करते. झुडपांत मधोमध नागमोडी पांढरी नक्षी असलेली जाळी शोधा, कोळी तिथेच बसलेला असतो.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : शेपटी वरखाली हलवणारा धोबी मैदानात उतरलेला दिसतो. उत्तरेकडून तो थंडीसाठी येतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा. या आठवड्यात ठिकठिकाणी वनविभाग आणि पक्षिमित्र मंडळं फेऱ्या काढतात. नवशिक्यांना त्यात सहज सामील होता येतं.
- फेब्रुवारी-मार्च : पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. एका फुललेल्या झाडाखाली अर्धा तास बसून त्यावर कोण कोण येऊन गेलं ते लिहा.
- एप्रिल-मे : तांबटाची टुक टुक भर दुपारीही थांबत नाही. कावळे घरटी बांधू लागले की कोकिळेवर लक्ष ठेवा. करवंदं, जांभळं पिकतात.

काजव्यांबद्दल एक विनंती. मे अखेर ते जूनमध्ये भंडारदरा आणि राजमाची परिसरात काजवे पाहायला प्रचंड गर्दी होते. गाड्यांचे दिवे, बॅटऱ्या आणि गवतातून फिरणारे पाय यांनी काजव्यांच्या मिलनातच अडथळा येतो. जायचंच असेल तर शनिवार-रविवार टाळा, पायवाट सोडू नका आणि काजवे बाटलीत भरू देऊ नका.

वयाप्रमाणे काय बदलतं

तीन ते सहा वर्षं : माती, पाणी, वाळू, काड्या. बाकी काही लागत नाही. या वयात मुक्कामी शिबिराची गरज नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

सात ते अकरा : गोळा करण्याचं आणि नावं पाठ करण्याचं वय. गळलेली पानं, बिया, शेंगा जमवू द्या. आईवडिलांबरोबर एक-दोन रात्री बाहेर राहून झाल्यावर, मूल स्वतः तयार असेल तर दोन रात्रींचं शिबिर ठीक.

बारा ते सतरा : खरी अडचण इथे येते. 'पक्षी बघायला चल' म्हटलं की मुलं नाही म्हणतात आणि पालक समजतात की यांना निसर्ग आवडत नाही. बहुतेक वेळा त्यांना आईवडिलांबरोबर जायचं नसतं, इतकंच. एक तेरा वर्षांचा मुलगा माझ्या गटात मागे रेंगाळत यायचा. एक दिवस मी त्याच्या हाती नोंदवही दिली. कोण किती वाजता, कुठल्या झाडावर दिसलं हे लिहिणं त्याचं काम झालं. तीन महिन्यांनी तोच मला विचारू लागला, 'मागच्या महिन्यात इथे वेडे राघू होते, आता का नाहीत?' या वयाला खरी जबाबदारी लागते. म्हणून :

- त्यांच्या बरोबरीच्या तीन-चार जणांचा गट जमवा.
- प्रत्यक्ष उपयोगी पडणारं काम द्या. 'सीझनवॉच' उपक्रमात एकाच झाडाची पानं, कळ्या, फळं दर आठवड्याला नोंदवतात. फेब्रुवारीत चार दिवस जगभर चालणाऱ्या परसबाग पक्षिगणनेत पंधरा मिनिटांची नोंदही चालते.
- मोबाईलशी भांडू नका. 'मर्लिन' पक्ष्यांचे आवाज ओळखायला मदत करतं आणि 'आय-नॅचरलिस्ट'वर फोटो टाकला की जाणकार नाव सुचवतात. मात्र घरट्याचं नेमकं ठिकाण कुठेही जाहीर करू नये, हे आधी समजावून सांगा.
- मुलींच्या बाबतीत स्वच्छतागृहाची सोय आणि पाळीच्या दिवसांतली व्यवस्था आयोजकांना मोकळेपणाने विचारा. अनेक मुली या एका संकोचापायी घरी राहतात.

एका दिवसासाठी कुठे जाल?

मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहेच. गोरेगावच्या चित्रनगरीलगत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. ही संस्था १८८३ पासून काम करते. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वी कचराभूमी होतं. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. कचऱ्यावर रान उभं राहू शकतं हे मुलांना तिथे समक्ष दाखवता येतं. ऐरोलीच्या केंद्रातून ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बोटीतून पाहता येतात. बोटी भरतीच्या वेळेनुसार सुटतात, म्हणून आधी चौकशी करा. पनवेलपुढे कर्नाळा आहे.

पुणेकरांना वेताळ टेकडी आणि पाषाण तलाव हाताशी आहेत. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसतात. माळरान म्हणजे ओसाड जमीन नव्हे, हे कळायला यासारखी जागा नाही. नाशिकजवळ नांदूर मधमेश्वर आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. हिवाळ्यात पहाटे पोहोचा. नागपूरकरांनी गोरेवाडा, छत्रपती संभाजीनगरकरांनी सालिम अली सरोवर आणि पैठणचं जायकवाडी, सोलापूरकरांनी नान्नजचा माळ पाहावा. गोव्यात चोडण बेटावर सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथल्या खारफुटीतून होडीने फिरता येतं.

गावाजवळ देवराई असेल तर आधी गावकऱ्यांना विचारा. तिथून वाळकी काडीही न उचलण्याची रीत असते. ती मुलांना पाळायला लावा.

शिबिर निवडताना हे विचारा

पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करा. उत्तरं टाळली गेली तर दुसरं शिबिर शोधा.

- एका मोठ्या माणसामागे किती मुलं? लहान मुलांसाठी सहा ते आठ, मोठ्यांसाठी दहा-बारा. त्याहून जास्त असतील तर मी पाठवणार नाही.
- रोज किती तास प्रत्यक्ष रानात? मार्गदर्शक कोण, त्यांना हा परिसर किती वर्षं माहीत आहे? स्थानिक माणूस बरोबर असेल तर फारच चांगलं.
- प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं कोण? सर्वात जवळचं, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेलं रुग्णालय किती अंतरावर?
- मुलं झोपतात कुठे? मुलींबरोबर रात्री महिला प्रमुख असतात का?
- विमा आहे का? पाऊस वाढला तर कार्यक्रम रद्द करण्याचा निर्णय कोण घेतं?
- मी शिबिराच्या ठिकाणी येऊन पाहू शकते का?

एक खूण पक्की लक्षात ठेवा. शिबिरात कुणी पिशवीतून साप काढून मुलांच्या हातात देत असेल, तर ते शिक्षण नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जिवंत सापांचे असे खेळ करणं गुन्हा आहे.

धोके : कशाला जपायचं

पालक सर्वात जास्त घाबरतात सापाला. सावध राहायलाच हवं, पण पाणी हा त्याहून मोठा धोका आहे आणि त्याकडे सर्वात कमी लक्ष जातं.

पाणी. वर डोंगरात पाऊस पडला की खाली कोरड्या वाटणाऱ्या ओढ्यालाही मिनिटांत लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पावसाळ्यात मुलांना धबधब्याखाली आणि ओढ्याच्या पात्रात नेऊ नका. समुद्रकिनारी पाहायला जायचं ते ओहोटीला, आणि पाणी वळण्याच्या आत परतायचं. पावसाळ्यात वाळूवर येणाऱ्या निळ्या फुग्यासारख्या प्राण्यांना हात लावू देऊ नका, त्यांचा दंश फार दुखतो.

आग्यामोहोळ. सह्याद्रीतल्या कडेकपारींत आणि किल्ल्यांवर ही पोळी असतात. धूर, अत्तर, दगड मारणं यांनी माश्या खवळतात. निघताना अंगाला सुगंधी काही लावू नका. माश्या आल्याच तर तोंड झाकून, हात न झटकता, त्या जागेपासून दूर पळा.

साप. पायांत बूट घाला, दगडाखाली हात घालू नका, अंधारात बॅटरी वापरा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. दंश झालाच तर अवयव हलवू देऊ नका, घट्ट आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि थेट रुग्णालयात न्या.

ऊन आणि वीज. एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार रानात चालणं नको. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून आलं तर एकट्या झाडाखाली आसरा घेऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप विजेची पूर्वसूचना देतं.

गोचीड. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आणि गोव्यातल्या सत्तरीत गोचिडांमुळे माकडताप होतो. साधारण जानेवारी ते मे या काळात तिथल्या जंगलात मुलांना नेण्याआधी स्थानिक आरोग्य केंद्रात विचारा.

मुलाला दमा असेल, कशाची ॲलर्जी असेल तर लपवू नका. 'सांगितलं तर घेणार नाहीत' या भीतीने पालक फॉर्मवर 'नाही' लिहितात आणि रात्री दोन वाजता आयोजकाच्या हाती काहीच माहिती नसते. औषधं नावासकट वेगळ्या पिशवीत द्या.

कायदा आणि तुमचे हक्क

- महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागा.
- 'अपघात झाल्यास आम्ही जबाबदार नाही' अशा कागदावर तुमची सही घेतली, म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही.
- पैसे घेऊन कबूल केलेली सेवा दिली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. माहितीपत्रक, पावती आणि संदेश जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- मुलाशी कुणी गैरवर्तन केलं तर 'शिबिराची बदनामी होईल' म्हणून गप्प बसू नका. १०९८ वर किंवा पोलिसांना कळवा. पॉक्सो कायद्याखाली असा प्रकार माहीत असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. निघण्याआधी मुलाला इतकं जरूर सांगा : 'नकोसं वाटलं तर नाही म्हण, आणि काहीही झालं तरी मला सांग, मी रागावणार नाही.'
- तुमच्या मुलाचे फोटो जाहिरातीत वापरायला नकार देता येतो. लेखी द्या.
- तुमच्यावरही बंधनं आहेत. अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते आणि तिथून काही उचलून आणता येत नाही. अंडी, घरटी, पोपटाची पिल्लं घरी आणणं बेकायदा आहे. जखमी प्राणी किंवा पक्षी सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

शाळेमार्फत काही करता येईल?

येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. पालक सभेत विचारा की त्यातले दोन दिवस शाळेजवळच्या ओढ्यावर किंवा टेकडीवर घालवता येतील का. बस, जेवण, मुक्काम यांचा प्रश्नच येत नाही. शिक्षक नाही म्हणतात ते बहुधा जबाबदारीच्या भीतीने. दोन पालकांनी बरोबर यायची तयारी दाखवली की बहुतेक मुख्याध्यापक ऐकतात. मी हे तीन शाळांत पाहिलं आहे.

शिबिराहून परतल्यावर

पहिल्या आठवड्यात मुलाला घेऊन तुमच्या नेहमीच्या जागी जा. शिबिरात जे शिकलं ते त्याला तिथे तुम्हाला दाखवू द्या. 'किती पक्षी पाहिलेस?' असं विचारू नका, 'कुठे थांबलास?' विचारा. ही भेट झाली नाही तर शिबिर पंधरा दिवसांत विसरलं जातं, आणि मग तो फोन येतो, 'उपयोग काय?'

शिबिरांच्या याद्या मागायला मला जरूर फोन करा. पण त्याआधी येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मुलाला उठवा, पाण्याची बाटली घ्या आणि जवळच्या झाडाखाली वीस मिनिटं बसून या.